सासूबाईंचा वरवंटा आणि साडूंचा नांगर

हवा भरलेल्या रबरी नावेत बसून, भर वाऱ्यात, धरणाच्या पाण्यावर एका जागी ढिम्म न हलता थांबता येतं, असं मानणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच झाला, आणि माझं नशीब असं की ते माझे साडू निघाले. थोरले साडू. साडू हे नातं कोणी निवडून घेत नाही. माणूस मुलगी बघतो, सासरा बघतो, फार तर मेहुणे किती आहेत ते विचारतो. साडूकडे बघायचं कोणाला सुचत नाही. मलाही सुचलं नाही. त्यांनी मात्र मला नीट बघून घेतलं होतं. नामपूरला सासऱ्यांच्या ओसरीवर मुलगी पाहण्याचा कार्यक्रम चालला होता. कोणी माझं शिक्षण विचारत होतं, कोणी नोकरी कायम आहे का ते विचारत होतं. कोपऱ्यात बसलेल्या या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, "पोहता येतं का?" मी म्हणालो, नाही. त्यावर भर बैठकीत "मग अवघड आहे," एवढं बोलून ते पोह्यांच्या बशीकडे वळले. सासरे गडबडले, माझे मामा टोपी घालून उठायला लागले. मुलीने आतून होकार कळवला म्हणून लग्न झालं. पुढे वर्षानुवर्षं मी या माणसाबद्दल जे जे वाईट बोललो, त्याची सुरुवात त्या ओसरीवर झाली.

साडू सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. समोर येणारे लोखंडी तुकडे दिवसभर व्हर्निअरने मोजायचे आणि केसभर इकडेतिकडे झालेल्या तुकड्याला लाल ठिपका लावून बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. असं काम करणाऱ्याने संध्याकाळी घरी येताना व्हर्निअर कारखान्यात ठेवून यावं. यांनी स्वतःचा वेगळा विकत घेतला होता. लोक शर्टाच्या खिशात पेन लावतात तिथे यांचा व्हर्निअर असायचा. त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तव्यावरून भाकरी ताटात टाकली की हे आधी मोजायचे. "मध्ये पाच, काठाला तीन," असं जाहीर करायचे आणि मग तुकडा मोडायचे. "मोजून झाली आसंल तर खा आता," अक्का म्हणायची. माझ्या मुलाच्या नामकरणाला माणसं जमली, पाळणा सजला, गाणं म्हणायला बायका उभ्या राहिल्या, आणि हे स्टुलावर चढून छताची कडी मोजू लागले. दोरी चालेल, कडी चालणार नाही, असा निकाल देऊन त्यांनी कार्यक्रम थांबवला. कडी काढायला तासभर लागला, कारण ती निघता निघेना. शेवटी निघाली ती छताचा परातीएवढा गिलावा घेऊन. मुलाचं नाव शेजारच्यांच्या खोलीत ठेवावं लागलं. "कडी चांगली होती," साडू धूळ झटकत म्हणाले, "पण ते काढल्याशिवाय कसं कळणार?"

अशा माणसाला रद्दीच्या दुकानात एक विलायती मासिक सापडलं. त्यात एक चित्र होतं. तळ्याच्या मधोमध दोन लांबट रबरी फुग्यांवर टाकलेली खुर्ची, खुर्चीत टोपीवाला साहेब, हातात गळाची काठी. साडूंनी ते पान कापून पाकिटात ठेवलं आणि भेटेल त्याला दाखवायला सुरुवात केली. मलाही दाखवलं. "बघा पाहुणे," ते म्हणाले, "कसा थांबलाय." मी म्हणालो, "भाऊ, फोटोत सगळेच थांबतात." हे त्यांना अजिबात लागलं नाही. माझी एकही गोष्ट त्यांना कधी लागली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. चार महिन्यांत त्यांनी मालट्रकच्या सहा जुन्या ट्यूबा गोळा केल्या, होल्डॉल शिवणाऱ्याकडून खाकी कॅनव्हासच्या दोन लांब पिशव्या शिवून घेतल्या, एकेकीत तीन तीन ट्यूबा कोंबल्या, दोन्हींच्या मध्ये वायरिंगच्या नळ्यांची चौकट बसवली आणि तिच्यावर घडीच्या दोन पत्र्याच्या खुर्च्या पाय कापून घट्ट आवळल्या. सायकलच्या पंपाने हवा भरायला दोन तास लागत. दर रविवारी जेवण झालं की हा सगळा पसारा मोटारसायकलला बांधून ते धरणावर जायचे. रस्त्याने लोक वाट सोडून उभे राहत. साडूंना वाटायचं, कौतुकाने.

ती नाव तरंगायची, हे मी कबूल करतो. अडचण एवढीच होती की ती तरंगण्यापलीकडे कशालाच तयार नव्हती. बोटभर पाण्यात आणि हातभर पाण्यावर असा तिचा संसार, त्यामुळे तिच्यावर पाण्याची सत्ता चालत नसे, सगळी वाऱ्याची. साडू गळ टाकून बसले की पाच मिनिटांत शंभर पावलं लांब दिसायचे, आणखी पाच मिनिटांनी पलीकडच्या काठाला बाभळीच्या काट्यांत. मग त्यांनी नांगर टाकण्याचा अभ्यास सुरू केला, आणि त्या अभ्यासाने आम्हां सगळ्यांचा जीव घेतला. दोरी खोलीच्या सातपट पाहिजे, कमी असली की नांगर तळाशी धरत नाही, उडतो. दोरी नाकाला बांधायची, कुशीला नाही, नाहीतर लाट बाजूने शिरते. दोरी रबरावर घासते तिथे चामडं लावायचं. नांगर टाकायची जागा एकच धरायची आणि काठावरच्या खुणा जुळवून ती वहीत लिहून ठेवायची. हे सगळं मला जेवताना ऐकावं लागे. पहिला नांगर म्हणजे जाळीच्या पिशवीत घातलेली वीट. ती नावेच्या मागे मागे आज्ञाधारकपणे फिरली. दुसरा, वाळू भरलेलं गोणपाट. ओढून वर काढलं तेव्हा वाळू धरणाला परत गेली होती आणि हातात रिकामं गोणपाट आलं. तिसरं होतं भंगारातलं एक फ्लायव्हील, म्हणजे यंत्राचं जड लोखंडी चाक. ते मात्र थांबलं. इतकं थांबलं की वर येईना, आणि साडू जोर लावायला पुढे वाकले तेव्हा नावेचं नाक पाण्यात जाऊन चपला, चहाची बाटली आणि आमिषाच्या पिठाचा डबा असं सगळं बुडालं. शेवटी दोरी कापावी लागली. काठावर जाळं विणत बसलेला एक म्हातारा भोई हे सगळं बघायचा. तो एकदा म्हणाला, "पाव्हणं, थांबायचंच हाय तर काठावं बसा की. काठ कुठं जात नाय." मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मासे? मासे त्यांनी आणले नाहीत. एकदा एक कटला लागला होता, असं ते सांगतात. काढून व्हर्निअरला लावला. व्हर्निअर पुरला नाही म्हणून दोरीने मोजला. त्यांच्या मते त्याची अजून वाढ व्हायची होती, म्हणून रिजेक्ट करून परत पाण्यात सोडला. हे ऐकल्यावर अक्काने मसाल्याचा हात तसाच कपाळाला लावला.

आता अक्काच्या मसाल्याबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्याच्यापाशी आहे. माझ्या सासूबाई बागलाणातल्या. त्यांच्याकडे काळ्या दगडाचा एक पाटा-वरवंटा होता. वरवंटा त्यांना त्यांच्या आईने दिलेला. "हाऊ वरवंटा मनी मायना शे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चांगला दोन वितींचा, मधे जाड आणि टोकांना निमुळता, आणि तीन पिढ्यांच्या हातांनी इतका गुळगुळीत झालेला की दिवा लावला तर त्यात दिसावा. शेवटच्या आजारात त्यांनी दोन्ही मुलींना उशाशी बसवलं आणि वाटणी केली. "पाटा मोठीले, वरवंटा धाकलीले." नातेवाईक चकित झाले. पाटा एकीकडे आणि वरवंटा दुसरीकडे, कोणालाच उपयोग नाही! म्हातारीला भ्रम झालाय असंही कोणी म्हणालं. पण म्हातारी पक्की होती. पाटा सातपूरला, वरवंटा आमच्याकडे नाशिकरोडला. वाटण करायचं तर बहिणींना एकत्र यावंच लागणार. आणि त्या आल्या. दर रविवारी सकाळी माझी बायको वरवंटा कापडी पिशवीत घालायची, आम्ही नाशिकरोडहून सीबीएसला आणि तिथून दुसऱ्या बसने सातपूरला जायचो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, मसाला असं सगळं घेऊन दोघी बहिणी पाट्याशी बसायच्या, एक वाटायची, दुसरी पाणी शिंपडायची, आणि वाटण संपलं तरी बोलणं संपत नसे. मटणाच्या वासापेक्षा त्या हसण्याचा आवाज आधी रस्त्यावर यायचा. वरवंट्याची पिशवी मात्र मी वाहायचो. बसमध्ये कंडक्टर विचारायचा, "काय आहे यात?" मी म्हणायचो, "सासूबाई."

तो रविवार आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यातला. आदल्या आठवड्यात साडूंचा चौथा नांगर, म्हणजे सिमेंट भरलेला तुपाचा डबा, तळाशी अडकून राहिला होता आणि दोरी कापावी लागली होती. जेवणं झाली, बहिणी शेजारच्या घरी बाळंतिणीला बघायला गेल्या. साडू नांगरासारखं काहीतरी शोधत घरभर फिरत होते. संध्याकाळी ते धरणावरून परत आले तेव्हा आम्ही निघायच्या तयारीत होतो. दारात ते नुसतीच दोरी हातात घेऊन उभे राहिले. दोरीच्या टोकाला गाठ शाबूत होती. त्यांनी ती आम्हांला दाखवली. फक्त गाठीत काही नव्हतं.

वरवंटा त्यांच्या हातात कसा गेला ते मी पुढे सांगणार आहे. त्या संध्याकाळी घरात जे मानलं गेलं ते एवढंच की साडूंनी तो विचारल्याशिवाय उचलला, आणि त्यांनीही ते नाकारलं नाही. "माझ्या मायचा वरवंटा तुम्ही पाण्यात टाकला, दाजी?" माझी बायको म्हणाली. "टाकला नाही," साडू म्हणाले, "निसटला. फार गुळगुळीत होता. खाच पाडली असती तर दोरी बसली असती, पण सासूबाईंच्या वरवंट्याला छिन्नी लावायला माझा हात धजला नाही." याला अक्कल म्हणायची की बेअक्कल, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. अक्काला नवऱ्याची दया आली असावी. ती मध्ये पडली आणि म्हणाली, "जाऊ दे गं, दगडच तर हाय. दुसरा आणू." झालं. माझी बायको तिच्याकडे बघतच राहिली. "दगड?" एवढं एकच बोलली, रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोवली आणि पायऱ्या उतरली. त्या दिवसापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी अक्काचा निरोप येईल म्हणून ही वाट बघत होती, आणि ही येईल म्हणून ती. दोघीही बागलाणच्या, वाट बघतील, पण पाऊल टाकणार नाहीत. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. लग्नाकार्यात दोघी मांडवाच्या दोन टोकांना बसायच्या आणि मधल्या लोकांकरवी एकमेकींना वाढप करायच्या. "त्यांना विचारा, भात हवा का." आमच्याकडे शेजारणीच्या पाट्यावर वाटण होऊ लागलं, पण त्या मटणाला चव नव्हती. मी तसं एकदा बोललो आणि दोन दिवस उपाशी राहिलो. दुसरीकडे हे साडू! या सगळ्याचं मूळ असलेला माणूस दर रविवारी जेवून उठायचा, सहा ट्यूबा बांधायचा आणि धरणावर मासे धरायला जायचा. उन्हाळा नाही, थंडी नाही. मी कचेरीत चारचौघांत त्यांची नक्कल करायचो. दोन बहिणींची तोंडं फिरली आणि हा माणूस पाण्यावर डुलतोय, असं मी म्हणायचो, आणि लोक पोट धरून हसायचे. या माणसाला काळीज नाही, असं माझं ठाम मत झालं होतं.

सहासात वर्षं अशी गेल्यावर एका रविवारी मला सातपूरला पत्रिका द्यायला जावं लागलं. अक्काने पाणी दिलं आणि म्हणाली, "धरणावं गेलेत. तुमी तरी समजवा. आता वय ऱ्हायलंय का?" मी समजवायला गेलो. साडू काठावर पंप मारत होते. "जयभीम, पाहुणे. बसा," असं म्हणून त्यांनी पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी नाही म्हणालो. त्यांनी स्कूटरची एक छोटी ट्यूब माझ्या गळ्यातून काखेपर्यंत चढवली, तिला दोरी बांधली, दोरीची गाठ खुर्चीला मारली, आणि मी अजून नाही म्हणतच होतो तेव्हा काठ मागे गेलेला होता. भोई म्हातारा हात वर करून हसला. मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा साडू काम करत होते. वाऱ्याच्या तोंडाला त्यांनी पुढचा नांगर सोडला, दोरी देत देत नाव मागे जाऊ दिली, मग शेपटाकडून दुसरा नांगर टाकला, आणि एकदा इकडची, एकदा तिकडची दोरी ओढत, बोट ओलं करून वारा बघत, ते दोन्ही दोऱ्या ताणत गेले. आणि नाव थांबली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वारा होता, लाटा होत्या, पण नाव हलत नव्हती. साडूंनी खिशातून वही काढली. एका बाजूला टेकडीवरचं देऊळ आणि काठावरची चिंच एका ओळीत आहेत का ते बघितलं, दुसऱ्या बाजूला पंपाच्या खोलीचा कोपरा आणि विजेचा खांब एका ओळीत आहेत का ते बघितलं, आणि मान हलवली. मग त्यांनी पाण्यात जे सोडलं ती मासे धरायची काठी नव्हती. विहिरीत पडलेली बादली काढायचा चार आकड्यांचा लोखंडी गळ होता. तो तळाला टेकवून ते हातभर ओढायचे, उचलायचे, पुन्हा हातभर सरकवून ओढायचे. शाळेतल्या मुलाने पाटीवर रेघा माराव्यात तसे, एकामागून एक.

"भाऊ, याला मासा कसा लागेल?" मी विचारलं.

"मासा कोणाला पाहिजे?" ते म्हणाले. "मला मासा आवडत नाही. काटे असतात."

मला समजायला थोडा वेळ लागला. आणि समजल्यावर मी काय केलं असेल? मी हसलो. मोठ्याने हसलो. पाण्यावरून तो आवाज पार काठापर्यंत गेला असणार. "सहासात वर्षं?" मी म्हणालो. "एका दगडासाठी?"

"दगड नाही, वरवंटा," ते म्हणाले. गळ उचलून पुन्हा टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमची अक्का रविवारी अजून चार माणसांचा भात टाकते. मी तांदूळ मोजलाय."

माझं हसू तिथेच आटलं. आता सांगतो. त्या रविवारी साडू घरभर नांगर शोधत फिरत होते तेव्हा वरवंट्यापाशी येऊन ते थांबले खरे, व्हर्निअर लावून त्यांनी तो मोजलाही, "आकार उत्तम आहे," असंही म्हणाले. पण उचलला नाही. "सासूबाईंचा आहे," म्हणून पुढे गेले. वरवंटा उचलून त्यांच्या हातात दिला तो मी. दोन बस बदलून माझा खांदा दुखत होता, त्यांची टिंगल करायची लहर आली होती, आणि दर रविवारचं ते ओझं एकदाचं जावं असंही मनात कुठेतरी होतं. "घ्या, हाच बांधा," मी म्हणालो होतो. "सासूबाईंपुढे तुम्ही हलला नाहीत तर नाव काय हलेल!" संध्याकाळी माझ्या बायकोने साडूंना विचारलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मी गप्प राहिलो, आणि ते माझं नाव घेतील म्हणून घाबरलो. त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

"भाऊ," नावेत मी कसाबसा म्हणालो, "त्या दिवशी तो मी..."

"तुम्ही दिला. खरंय," ते म्हणाले. "पण गाठ माझी होती."

मला लाज वाटली. इतकी की पोहता येत असतं तर मी तिथेच उडी मारली असती. पण माणूस लाज वाटल्याने सुधारतोच असं नाही. घरी येऊन मी बायकोला काही सांगितलं नाही. उलट कचेरीत साडूंची नक्कल पूर्वीपेक्षा जोरात करू लागलो, फक्त आता मलाच तिचं हसू येत नव्हतं.

त्यानंतर एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. वैशाखात धरणाचं पाणी असं मागे हटलं की कधी न दिसलेली जमीन उघडी पडली, भेगाळलेली, करड्या रंगाची. साडू आमच्या दारात येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या बायकोला म्हणाले, "तुम्ही चला. अक्का रिक्षात बसली आहे." ही पदर खोचून निघाली, त्यांच्या आवाजात काहीतरी असावं. रिक्षात दोघी बहिणी दोन कडांना, मध्ये मी, आणि पुढे ड्रायव्हरला चिकटून वही उघडून बसलेले साडू. त्या प्रवासापुढे नावेतला प्रवास सुखाचा होता.

धरणाच्या तळावर साडू वहीत बघत चालू लागले. देऊळ आणि चिंच एका ओळीत, पंपाची खोली आणि खांब एका ओळीत. म्हातारा भोईही कुतूहलाने मागून आला. माझं मन नेहमीसारखं टिंगल करायला तयार होतं: हा माणूस पाण्यावर कुठे कुठे वाहत गेला असेल, आणि इथे चिखलात रेघा जुळवतोय. मग साडू थांबले. त्यांच्या पायाशी गंजलेलं फ्लायव्हील होतं. त्याच्यापासून हातभर अंतरावर सिमेंटचा डबा. पलीकडे आणखी एक डबा, एक लोखंडी कांब, दोन तुटके गळ, दोरीचे कुजलेले तुकडे. इतक्या वर्षांत अडकून तुटलेले त्यांचे सगळे नांगर एका खाटेएवढ्या जागेत पडले होते. "लय नेमाचा गडी," भोई पुटपुटला. "येक वीत हालला नाय." साडू खाली बसले आणि अक्काच्या खुरप्याने त्या नांगरांच्या मधली माती उकरू लागले. मी त्यांच्याशेजारी बसलो. माझ्याकडे खुरपं नव्हतं. मी हातांनी उकरू लागलो. आणि फ्लायव्हीलच्या अगदी काठाखाली माझ्या बोटांना ते गुळगुळीत लागलं. वर्षानुवर्षं साडूंचा गळ त्यांच्याच नांगराला आपटून परत येत होता.

मी तो वर काढला, सदऱ्याने पुसला आणि उभा राहिलो. "हा मी दिला होता," मी म्हणालो. "भाऊंनी उचलला नव्हता. मी त्यांच्या हातात दिला होता." बोलून झाल्यावर मी मान खाली घातली आणि जे काय व्हायचं त्याची वाट बघू लागलो. काहीच झालं नाही. कोणी ऐकलंच नव्हतं. अक्काने माझ्या हातातून वरवंटा काढून घेतला होता आणि त्याच्यावरून अंगठा फिरवत ती माझ्या बायकोला म्हणत होती, "पार गुळगुळीत पडलाय, टाकी लावायला झालाय गं."

माझी बायको म्हणाली, "तुझ्या पाट्यालाबी लावून घेऊ." आणि दोघी चिखलातच बसून रडायला लागल्या.

साडूंनी मात्र ऐकलं होतं. "आता कशाला सांगत बसलात?" ते हळूच म्हणाले, आणि व्हर्निअर काढून वरवंटा मोजायला गेले. "झिजला नाही," त्यांनी आल्यावर सांगितलं.

आता रविवार पूर्वीसारखे झाले आहेत. साडू रिटायर झाले. धरण पुन्हा भरलं, पण ते तिकडे फिरकत नाहीत. सहा ट्यूबा घराच्या मागे टांगलेल्या आहेत आणि त्यांत चिमण्यांनी घरटी केली आहेत. मी एकदा म्हणालो, भाऊ, चला नावेत. तर म्हणाले, "कशाला? मासे धरायला?" पिशवी अजून मीच वाहतो. मात्र निघताना साडू पिशवीचं तोंड सुतळीने आवळतात आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधतात. निरगाठ. बसमध्ये लोक बघतात. घरी पोहोचल्यावर ती सोडवायला मला आणि बायकोला मिळून अर्धा तास लागतो, आणि मी तोंडाने त्यांचा उद्धार करत असतो.

हल्ली त्यांचा हात थरथरतो. गाठ मारताना ते दोनदा चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि मी दुसरीकडे बघत उभा राहतो. गेल्या रविवारी सीबीएसवर बस बदलताना ती गाठ आपोआप सुटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बायको पुढे गेली होती, तिला दिसलं नाही. मी पिशवी बाकावर ठेवली, सुतळीचं टोक दातांत धरलं आणि एका हाताने, ते मारतात तशीच गाठ पुन्हा मारली. जमायला वेळ लागला. तेवढ्यात एक बस निघून गेली.